जिती नाळ

माझी माय दाई होती आणि मी आमच्या गावातली पहिली बी.ए. यातली दुसरी गोष्ट मी आयुष्यभर न विचारता सांगत आले. पहिली मात्र नागपूरला शिकत होते तोवर कोणाला सांगितली नाही. वसतिगृहातल्या मुली विचारायच्या, वडील काय करतात. ते सोपं होतं. दुसऱ्याच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, बटईनं कसतात, धान पिकवतात. आई काय करते हे कोणी विचारत नसे, मग मी आपण होऊन कशाला सांगू? खरं तर माझ्या शिक्षणासाठी जे धान विकलं जायचं, त्यातलं बरंचसं मायनं लोकांची बाळंतपणं करून सुपासुपानं घरी आणलेलं असायचं. ज्या हातानं ती नाळ कापायची त्याच हाताचं पाणी गावातल्या चार घरांत चालत नव्हतं, हेही इथं लिहून ठेवते.

परत आले तेव्हा विकास गटाच्या योजना नव्यानं सुरू झाल्या होत्या. देवरीच्या कचेरीत मला बायकांच्या कामावर नेमलं. बायकांचं काम म्हणजे बिनधुराची चूल, साक्षरतेचे वर्ग, शोषखड्डे आणि कचेरीतल्या पुरुषांना जे जे करायचं नसे ते सगळं. त्या वर्षी त्यात दाईंचं प्रशिक्षण आलं. आजूबाजूच्या गावांतल्या दहा दाई महिनाभर बोलवायच्या, दवाखान्यातल्या नर्सबाईनं त्यांना शिकवायचं आणि शेवटी परीक्षा घ्यायची. पास होईल तिला अल्युमिनियमची एक पेटी मिळणार होती. पेटीत कैची, दोऱ्याचं बंडल, साबण, नखं घासायचा ब्रश आणि एक वाटी.

नर्सबाई जबलपूरकडची. हिंदीशिवाय बोलत नसे आणि आमच्या झाडीपट्टीतली बोली तिच्या कानाला लागत नसे. म्हणून मला मधे बसवलं. ती हिंदीत सांगणार, मी आमच्या बोलीत सांगणार. बायका बोलतील ते मी तिला हिंदीत सांगणार. बी.ए. झाल्याचा असाही उपयोग.

दहावी दाई माझी माय.

ती कशी आली ते सांगायला हवं. आदल्या वर्षी माझ्या वहिनीचं पहिलं बाळंतपण झालं होतं. मुलगा. नाळ मायनंच कापली, आमच्याकडं सगळे कापतात तशी, धान कापायच्या विळ्यानं. ज्या विळ्यानं घरात अन्न येतं त्यानंच घरातलं मूल मोकळं करायचं, अशी रीत. विळा राखेनं घासायचा, कपाळाला लावायचा आणि कापायचं. आठव्या दिवशी पोरानं स्तन तोंडात धरला नाही. दुपारपर्यंत जबडा मिटला, अंग धनुष्यासारखं ताठ झालं. दुसऱ्या दिवशी गेला. गावात म्हणाले, बाहेरचं झालं. मायही तसंच म्हणाली. पण त्यानंतर तिनं जी तीन-चार बाळंतपणं केली, त्या प्रत्येक घरी ती आठ दिवस रोज जाऊन मूल पाहून यायची. काम नसताना. लोकांना वाटे, म्हातारी जेवायला येते.

आता वहिनीला पुन्हा दिवस गेले होते. कार्तिकात बाळंत होणार होती. प्रशिक्षणाचं मी घरी सहज बोलले तर माय म्हणाली, "मीबी येतो." वडील हसले. "आता म्हातारपनी शाळा? का शिकशील वो?"

"पेटी भेटते ना," माय म्हणाली. "कैची भेटते."

तिला पेटीच पाहिजे होती. मी तिला सांगितलं, लोखंड ते लोखंड, गोंदियाच्या बाजारातली कैची उकळली तरी तेच काम होते. तिला पटलं नाही. दवाखान्याच्या कैचीनं आजवर कोणाचं लेकरू मेलं नाही, असं तिनं मनाशी धरलं होतं.

भादव्यात रोवणीची कामं आटोपल्यावर वर्ग सुरू झाला. दवाखान्याच्या ओसरीवर चटई टाकून बायका बसायच्या. माय माझ्याच खोलीवर राहिली. वर्गात मात्र ती माझ्याकडं ओळख नसल्यासारखी पाही. मला वाटे मला बरं वाटावं म्हणून करते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी नर्सबाईनं पेटीतली कैची वर धरली आणि म्हणाली, "ये जो तुम लोग हँसिया से, बाँस की खपच्ची से नाल काटती हो, उसी की गंदगी से बच्चा आठवें दिन अकड़ के मरता है. भूत-वूत कुछ नहीं."

मी बायकांकडं वळले. सांगायचं तर होतंच, तेवढ्यासाठी मला पगार होता. मी सांगितलं, विळ्यानं, कामटीनं कापलं तर त्याच्या घाणीनं पोर आठव्या दिवशी ताठून मरते, बाहेरचं काही नसते. सांगताना मी मायकडं पाहिलं नाही. मग पाहिलं. ती लुगड्याच्या काठाचा एक निघालेला दोरा बोटाला गुंडाळत बसली होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे तिला आधीच कळलं आहे. माय वीस वर्षं गोंदियाच्या बाजारात भाजी घेऊन बसली होती, हिंदी तिला माझ्याइतकी समजत होती. मी सांगितलं ते तिनं दुसऱ्यांदा ऐकलं.

त्या दिवशी संध्याकाळी ती नेहमीसारखी भाकरी थापत होती. मी काही बोलावं म्हणून तोंड उघडलं तर म्हणाली, "मीठ सरलं तुजं. उद्या आनजो."

पुढच्या आठवड्यात नाळ केव्हा कापायची ते निघालं. नर्सबाईचं म्हणणं सरळ होतं. मूल बाहेर आलं की तुरंत दोन ठिकाणी बांधायचं, मधे कापायचं, मूल बाजूला ठेवायचं आणि आईकडं लक्ष द्यायचं. मी ते सांगितल्यावर बायकांत चुळबुळ झाली.

चिचगडकडची एक जाडी दाई होती, तिला गप्प बसता यायचं नाही. ती म्हणाली, "बाईले का गाडी पकडाची आहे का? एवढी का घाई?" सगळ्या हसल्या. नर्सबाईनं मला विचारलं, काय म्हणते? मी म्हटलं, विचारते आहे की लगेच का.

माय पहिल्यांदा बोलली. "जिती नाळ कापाची नाई."

"जिती म्हणजे?" मी वर्गातल्या आवाजात विचारलं, जसं मला ठाऊकच नव्हतं.

"लेकरू भायेर आलं तरी नाळ नाडीवानी उडून राहते ना, हाताले लागते. तवरी जिती. मंग पांढरी पडते, नरम होते. तवा कापाची. वरच्या बांधीतलं पानी खालच्या बांधीत जाऊन राहिलं, खालची भरली का आपोआप थांबते. तुमी मदीच माती टाकून कायले बुजवता?"

बाकीच्या बायका माना हलवत होत्या. मी हिंदीत सांगितलं. नर्सबाई वाईट नव्हती. तिनं ऐकून घेतलं आणि कपाळ पुसलं. म्हणाली, तिच्या दवाखान्यात एका दिवसात कधी तीन बायका येतात, हात दोन आहेत. आईला रक्त जायला लागलं तर नाळ धरून बसणार कोण? आणि पुस्तकात जे लिहिलं आहे ते लिहिलं आहे, परीक्षेत तेच विचारतील. तेही खरं होतं. कोणाचंच खोटं नव्हतं, आणि मधे बसून दोघींचं सांगता सांगता माझा जीव शिणून जायचा. उन्हं उतरेपर्यंत मी स्वतःच्या तोंडानं स्वतःचं असं काही बोललेली नसे.

परीक्षा जवळ आली तशी मी मायला घरी शिकवू लागले. नखं, साबण, कैची पाण्यात किती वेळ उकळायची, सगळं तिला येत होतं. फक्त एका प्रश्नाला अडायची.

"नाळ केव्हा कापायची?"

"उडनं थांबलं का."

"माय, तिथं तसं नाई म्हनाचं. लगेच म्हनाचं. घरी तुले कराचं ते कर. तोंडानं म्हनाले का जाते तुजं?"

"तोंडानं म्हनलेलं हात आयकते वो," ती म्हणाली आणि तांदूळ निवडू लागली.

मला राग आला. ज्या पोरीला तिनं शिकवलं ती सांगते ते तिला ऐकायचं नव्हतं. मी म्हटलं, मग नापास हो आणि बस विळा घेऊन. बोलून गेले. तिनं खडा टिपला, बाहेर टाकला, पुढचा शोधू लागली.

परीक्षेला भंडाऱ्याहून डॉक्टरसाहेब आले. तेही हिंदी बोलणारे. ओसरीवर टेबल टाकलं होतं. एकेक दाई समोर येई, साहेब विचारत, मी सांगत असे. जाड्या दाईनं सगळी उत्तरं पुस्तकातली दिली आणि जाता जाता मला डोळा मारला. मग माय आली. साबणाचं बरोबर सांगितलं, कैचीचं बरोबर सांगितलं. साहेब खूश दिसले. मग विचारलं, "अच्छा अम्मा, बच्चा निकल आया. नाल कब काटोगी?"

माय माझ्याकडं पाहून म्हणाली, "नाळ उडून राहिली तवरी नाई. थांबली का मंग."

मी साहेबांकडं वळले आणि म्हणाले, "कहती हैं, तुरंत काटेंगे."

साहेबांनी पेन उचललं. वहिनी सुटली, पेटी आली, असं वाटलं. तेवढ्यात माय टेबलाच्या आणखी जवळ गेली आणि साहेबांना सरळ हिंदीत म्हणाली, "नहीं साहब. मैंने ऐसा नहीं कहा. मेरी बेटी ने अपने मन का कहा."

मी तिची मुलगी आहे हे कचेरीत कोणाला ठाऊक नव्हतं. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, नर्सबाईनं पाहिलं, चटईवरच्या नऊ दाईंनी पाहिलं. मी पायातल्या चपलेकडं पाहिलं. साहेबांनी मायला तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि तिनं तेच उत्तर हिंदीत दिलं, पाण्याच्या बांधीसकट. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "अम्मा, बात तो अच्छी है. लेकिन पास नहीं कर सकता." नऊ पेट्या वाटल्या. दहावी नर्सबाईनं परत कपाटात ठेवली. त्या कपाटाची किल्ली माझ्याकडं असे.

मायला बसपर्यंत पोचवायला गेले. वाटेत मी बोलत होते, ती चालत होती. म्हटलं, मला सगळ्यांसमोर खोटी पाडलीस. मी खोटं बोलले ते कोणासाठी?

"माह्यासाठी नोको बोलू," ती म्हणाली. "मी का लेकराचं मढं पाहिलं नाई? जे खरं ते म्या कबूल केलं ना? विळ्याचं माजं चुकलं. तुज्या नर्सबाईनं सांगतलं, म्या मानलं. आता हे माजं बरोबर आहे, तर तिनं मानाले नोको?"

बस आली. पायरीवर चढताना म्हणाली, "सुनेच्या वक्ताले कैची घेऊन येजो. तुज्या कपाटात आहे."

"सरकारी आहे ते. आणि लगेच कापशील तरच देईन."

ती आत जाऊन बसली.

कार्तिकात धान पिवळं झालं. लोहाराकडं विळे पाजळायला रांग लागली. एका सकाळी कचेरी उघडत होते तर दादा सायकलवरून आला. सात मैल दामटत आला होता. म्हणाला, "पहाटेपासून कळा देऊन राहिली. मायनं सांगतलं, तुले घेऊन याले." एवढंच. कैचीचं त्याला सांगितलं नव्हतं.

अर्ज लिहिला असता तर त्यावर सही व्हायला चार दिवस लागले असते. मी कपाट उघडलं, पेटी काढली, पदराखाली धरली आणि सायकलच्या कॅरिअरवर बसले. नर्सबाई दवाखान्याच्या दारात उभी होती. तिनं पाहिलं की नाही, मला कळलं नाही.

घरी पोचले तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. मायनं खोली सारवलेली, खाटेखाली नवं तणस टाकलेलं, चुलीवर गंजात पाणी उकळत होतं. मी पेटी उघडली. तिनं कैची हातात घेतली नाही, नुसती पाहिली. मग म्हणाली, "टाक पान्यात."

वहिनी खाटेची पाटी धरून होती. एका कळेतून दुसरीत जाता जाता तिनं विचारलं, "आत्याबाई, या बारीले कापल कोन?"

वहिनीनं एका वर्षात सासूला एक शब्द लावला नव्हता. आता विचारलं ते एवढंच.

माय म्हणाली, "तुजी ननंद कापल. बी.ए. आहे ते. तिचाच हात."

मला वाटलं मस्करी करते. तिच्याकडं पाहिलं. मस्करी नव्हती. ज्या कामापासून दूर जायला मी इतकी वर्षं वाचत बसले, ते काम ती माझ्या हातात देत होती, आणि मला नाही म्हणायला जागा नव्हती. मी नखं घासली, कोपरापर्यंत साबण लावला.

मूल दुपारी झालं. मुलगी. मायनं अलगद झेललं आणि वहिनीच्या दोन मांड्यांमधे धुवट लुगड्यावर ठेवलं. रडली नाही. रंग जांभळा, हातपाय सैल. मी दोरा घेतला. पुस्तक, वर्ग, साहेब, सगळं डोक्यात एकदम बोलू लागलं. लगेच बांध, लगेच काप, उचल, चोळ.

मायनं मला अडवलं नाही. ती लेकराचं तोंड बोटानं साफ करत होती, पाठ चोळत होती. माझ्याकडं न पाहता म्हणाली, "हात लाव."

मी नाळेला बोट लावलं. दोरीसारखा पीळ, निळसर, ओला. आणि आत ठोका. मोठा, सावकाश, आपला नसलेला. मी महिनाभर ज्याचं भाषांतर करत होते ते मला तोवर ठाऊकच नव्हतं. अशा चालत्या गोष्टीला कैची लावायला माझा हात उचलला गेला नाही. मी दोरा मांडीवर ठेवला. मनगटावर घड्याळ होतं, पहिल्या पगारातलं, पण किती वेळ गेला हे पाहायचं सुचलं नाही. लेकरू एकदा आचके दिल्यासारखं हललं. मग पुन्हा. मग बारीक, चिडक्या आवाजात रडलं. छाती आधी गुलाबी झाली, मग तोंड, पाय सगळ्यांत शेवटी. बोटाखालचा ठोका हळूहळू लांब गेला. मी आणखी थोडं थांबले, आहे का नाही कळेना तोवर.

माय म्हणाली, "नाळेकडं पाय." मी पाहिलं.

नाळ पांढरी पडली होती, मऊ, रिकामी.

"आता काप."

मी दोन ठिकाणी बांधली आणि मधे कापली. दिसायला मऊ, पण कैचीला कडक लागली.

दादाबरोबर मी रजेचा अर्ज पाठवला. कारण लिहिलं, घरी आजारपण. खरं कारण लिहायला अर्जात जागा नव्हती. आठ दिवस आम्ही दोघी त्या लेकराचं तोंड पाहत बसलो. दूध ओढलं की माय एक बोट मिटून मोजायची, दिवस नाही, प्रत्येक वेळचं दूध. बोटं संपली की पुन्हा पहिल्यापासून. गावात धानकापणी सुरू झाली, वडील नि दादा बांधीवर गेले. आमचा विळा खुंटीला तसाच लटकला होता. मायनं त्याला हात लावला नाही. नातीच्या बेंबीला कोणाला राख लावू दिली नाही. शेजारीण म्हणाली, "काऊन वो, नवीन रीत काढली?" तर म्हणाली, "परीक्षा देऊन आली ना मी." नापास झाल्याचं सांगितलं नाही. मीही नाही.

आठव्या दिवशी सकाळी लेकरू जांभई देत होतं तर वहिनी ओरडली, तोंड वाकडं होते म्हणून. जांभईच होती. दुपारी दूध ओढलं. संध्याकाळी ओढलं.

नवव्या दिवशी ऊन वर आल्यावर तिनं असं दूध ओढलं की वहिनी म्हणाली, "आई वो, चावते." मायनं उठून खुंटीवरचा विळा काढला, अंगठ्यानं धार पाहिली आणि बांधीवर निघाली. दारातून परत आली. म्हणाली, "कैची ठेवून जाजो. पुढच्या मयन्यात पाटलाच्या सुनेचे दिवस भरतात."

"मोजदाद होते तिची," मी म्हटलं.

"मंग तू पाय का कराचं ते," म्हणाली आणि गेली. तिच्या चालीवरून वाटत होतं की तिला आडवं व्हायचं आहे, पण ती धान कापायलाच गेली.

मी कैची उकळून, पुसून, तिच्या गाडग्यात ठेवली. देवरीला जायच्या आधी वाकडी वाट करून गोंदियाला गेले, बाजारात एक कैची घेतली, शिंप्याची असते तशी, आणि पेटीत टाकली. कपाट उघडून पेटी ठेवत होते तर नर्सबाई मागे येऊन उभी राहिली. तिनं पेटी उघडली. बाजारची कैची उचलून उजेडात धरली, दोनदा उघडमीट केली.

"बच्चा?" तिनं विचारलं.

"लडकी. ठीक है."

"कब काटा?"

मी खूप थकले होते. खोटं सांगायचं तर नीट सांगावं लागतं, आणि खरं सांगायचं तर महिनाभराचं सगळं पुन्हा सांगावं लागलं असतं. म्हटलं, "जब ठंडी पड़ गई."

नर्सबाईनं कैची पेटीत ठेवली, झाकण लावलं. म्हणाली, "ताला लगा दो. कल से नई दस औरतें आ रही हैं, चटाई धुलवा लेना."

मी कुलूप लावलं आणि चटई धुवायला टाकली.